सोऱ्यापासून जठराच्या दारापर्यंत

तीन-चार आठवड्यांचं तान्हं मूल प्यायलेलं दूध पिचकारीसारखं लांब उडवू लागतं. वांती होताच पुन्हा भुकेनं रडतं. गोव्यात पेडणे-डिचोलीकडे कुठे आधी दृष्ट काढली जाते, मग बांबोळीला गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, वाट धरली जाते. डॉक्टरांच्या बोटांना पोटात सुपारीएवढी कडक गाठ लागते. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट बुजलेली असते.

या दाराचं नातं नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूशी आहे. त्याचा मूळपुरुष सोरा, म्हणजे जुन्या ओल्या भिंतींवर नि गोठ्यात फुटणारा क्षार. पणेलिमच्या पोर्तुगीज दारूगोळा कारखान्यालाही तोच लागे. सोऱ्यापासून नत्राम्ल करायचं, त्यात तांब्याचा तुकडा टाकायचा, की हा वायू निघतो. 1772 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टलीने तो पारखला: स्वतः बिनरंगी, पण हवेशी गाठ पडताच तांबूस धूर. त्या वेळी हवेचं आकारमान किती घटतं, त्यावरून हवा किती चांगली ते ठरवायची युक्ती त्याने काढली. 1781 ते 1788 दरम्यान डिचोली, पेडणे पोर्तुगीजांकडे गेली तेव्हा युरोपात हा वायू हवा मोजायचं साधन होता.

पुढे नत्राम्लातूनच नायट्रोग्लिसरीन आलं. 1879 मध्ये विल्यम मरेलने ते छातीच्या कळेवर दिलं. घरोघरी म्हातारी माणसं जिभेखाली ठेवतात ती गोळी याच घराण्यातली. ती रक्तवाहिनी कशी सैल करते, हे मात्र शंभरेक वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. 1977 मध्ये फरीद मुराद यांना दिसलं, की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. 1987 पर्यंत रक्तवाहिनीच्या पेशी स्वतःच तो बनवतात हेही पक्कं झालं. 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. याच शोधात वाटा असलेले साल्वादोर मोंकादा वगळले गेले, ते मला तरी पटत नाही.

मेंदूतल्या पेशीही निरोप द्यायला हाच वायू बनवतात, हा धागा 1988 मध्ये जॉन गार्थवेट यांच्या हाती लागला, तोही उंदराच्या पिल्लांच्या, म्हणजे वाढत्या मेंदूच्या पेशींत. इतर बहुतेक निरोपे पेशीत पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. हा वायू साठवता येत नाही, गरजेला बनतो आणि पेशींच्या भिंती ओलांडून शेजारी पसरतो. वाढत्या मज्जासंस्थेत त्याचं काम छाटणीचं. 1994 च्या प्रयोगात कोंबडीच्या गर्भात तो बनू दिला नाही, तेव्हा डोळ्यापासून मेंदूकडे गेलेले, एरवी गळून पडणारे तात्पुरते तंतू बरेचसे तसेच राहिले.

म्हणून 1993 मध्ये चेतापेशींतलं हा वायू बनवणारं एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा मेंदूत मोठी गडबड दिसेल ही अपेक्षा होती. मेंदूची रचना जवळपास ठीकच निघाली. फुगलं होतं ते जठर, आणि त्याच्या दाराचा स्नायू जाडावला होता! वर्षभर आधीच, 1992 मध्ये, सुरुवातीला सांगितलेल्या बाळासारख्या आजारी बाळांच्या त्या स्नायूतल्या तंतूंत हे एन्झाइम नसल्याचं युरोपातल्या संशोधकांनी नोंदवलं होतं. ते आजाराचं कारण की परिणाम, यावर अजून वाद आहे. शस्त्रक्रिया मात्र रामश्टेटने 1912 मध्ये मांडली तीच चालते: स्नायूला उभी चीर, आतलं अस्तर शाबूत.