चौघांचा खेळ: ‘जनरल’ मिखेल्स आणि मुलांचे फुटबॉल

१/ फुटबॉलच्या गोलची रुंदी २४ फूट, उंची ८ फूट. ही मापे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांच्या खेळासाठी ठरली. त्याच इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत दहा-अकरा वर्षांचा मुलगा याच चौकटीत गोलरक्षक म्हणून उभा केला जात असे. त्याच्या डोक्यावर तीन फुटांहून अधिक जागा मोकळी राही. तेथून चेंडू आत गेला की बोल मात्र त्या पोराला लागे.

२/ मुलांना फुटबॉल शिकवणे आणि मोठ्यांना शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आज सहज पटते. मात्र युरोपातील मातब्बर देशांना ते ओळखायला शंभराहून अधिक वर्षे लागली. गंमत अशी की ही ओळख पटवून देण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते गृहस्थ मोठ्यांचे अत्यंत कठोर प्रशिक्षक म्हणून प्रसिद्ध होते. हा धागा त्यांच्याविषयी आणि त्यांच्या एका प्रतिस्पर्धी विचाराविषयी.

३/ रिनस मिखेल्स, जन्म १९२८, आम्स्टरडॅम. आयाक्स क्लबचे आघाडीपटू. खेळ थांबल्यावर व्यायामशिक्षक. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आयाक्सची सूत्रे घेतली, तेव्हा संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. १९७१ मध्ये तोच संघ युरोपियन कप जिंकला. शिस्त इतकी कडक, की त्यांना ‘जनरल’ हे नाव पडले.

४/ मिखेल्स यांची पद्धत ‘टोटल फुटबॉल’ म्हणून गाजली. बचावपटू पुढे धावला, तर त्याची जागा दुसऱ्याने भरायची. चेंडू गमावला, तर साऱ्यांनी मिळून प्रतिपक्षाला कोंडीत पकडायचे. हे मोठ्यांचे प्रशिक्षण होते. येथे प्रशिक्षकाच्या मनात आधी अकरा जणांचे संपूर्ण चित्र असते आणि प्रत्येक खेळाडू त्या चित्रात बसवला जातो. १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून १-२ असे हरले, तरी जगाच्या लक्षात राहिला तो हरलेला संघ.

५/ पण या चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. चेंडूवरचे प्रभुत्व खेळाडू स्वतःबरोबर घेऊनच येत. योहान क्रायफ (जन्म १९४७) आयाक्सच्या मैदानाजवळच्या वस्तीत, रस्त्यावर खेळत वाढले. रस्त्यावर प्रशिक्षक नसतो. भिडू लहान-मोठे, जमीन कडक, पडले तर गुडघा फुटणार. चुकवायचे कसे, तोल सांभाळायचा कसा, भिंतीवर आपटून चेंडू परत कसा मिळवायचा, हे सारे अशा हजारो तासांत अंगी मुरे.

६/ साठ-सत्तरच्या दशकांत रस्ते मोटारींनी भरले आणि ही फुकटची शाळा बंद पडली. मुले क्लबांत आली. आठवड्यातून एक-दोन वेळा सराव, आणि शिकवणारा बहुधा कोणाचा तरी बाप. त्याला ठाऊक असलेले फुटबॉल मोठ्यांचे. मग मैदानाला फेऱ्या, शंकूंसमोर रांगा, आणि आठ वर्षांच्या मुलाला ‘तू डावा बचावपटू, जागा सोडू नकोस’ अशी तंबी. आपली पाळी येईपर्यंत पोर रांगेत उभे.

७/ या पेचावर नेदरलँड्समध्ये दोन उत्तरे पुढे आली. पहिले विल कूर्व्हर यांचे. १९७४ मध्ये फेयेनूर्डला यूएफा कप जिंकून देणाऱ्या या प्रशिक्षकाने थोर खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या, त्यांच्या हालचाली सुट्या केल्या आणि मुलांकडून त्या घोटून घेण्याची पद्धत रचली. कौशल्य उपजतच असावे लागते, ही समजूत त्यांनी मोडून काढली. ही कामगिरी लहान नव्हे.

८/ दुसरे उत्तर मिखेल्स यांचे. ऐंशीच्या दशकात ते झाइस्ट येथील डच फुटबॉल संघटनेत तांत्रिक प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे: रस्ता परत आणता येणार नाही, पण रस्त्यावरचा खेळ मैदानात आणता येईल. त्यासाठी त्यांनी निवडला चार विरुद्ध चार असा छोटा सामना.

९/ चारच का? एकाच्या पायात चेंडू असताना उरलेले तिघे डावीकडे, उजवीकडे आणि पुढे उभे राहू शकतात. फुटबॉलमधल्या साऱ्या दिशा आणि सारे प्रश्न येथे येतात, आणि कोणालाच लपायला जागा उरत नाही. तिघे असले तर एक दिशा कमी पडते. अकरा असले तर लहान मूल प्रेक्षक होते. ज्या माणसाने मोठ्यांना संपूर्ण चित्रात बसवले, त्याने मुलांसाठी चित्रच लहान केले.

१०/ दोन्ही पंथांचे वाद पुष्कळ झाले. शंकूसमोर घोटलेली हुलकावणी जिवंत प्रतिस्पर्ध्यासमोर केव्हा वापरायची, हे शंकू शिकवत नाही. या मुद्द्यावर मिखेल्स यांचे पारडे जड ठरते. मात्र निव्वळ सामने खेळवले म्हणजे पाय घडतोच असेही नाही, म्हणून कूर्व्हर यांची पद्धत आजही जगभर टिकून आहे.

११/ सहा वर्षांची मुले गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी चेंडूभोवती गोळा होतात. काठावरून ‘पांगा, पांगा’ ओरडून उपयोग नसतो. चेंडू आता कोठे आहे हे त्यांना दिसते, क्षणभराने कोठे असेल हे प्रौढासारखे दिसत नाही. चेंडू आपल्याला हवा, ही त्या वयाची रास्त भूक आहे. शहाणा प्रशिक्षक तिला शिस्तभंग समजत नाही. तो दुसरा चेंडू आणतो.

१२/ पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी हाडे झपाट्याने वाढतात, गुडघे-टाचा दुखू लागतात, कालचा चपळ मुलगा आज अडखळतो. त्याच वर्गातला दुसरा मात्र आताच पुरुषभर उंच. रविवारचा सामनाच जिंकायचा असेल, तर प्रशिक्षक त्या उंच मुलाला निवडतो. वयोगटाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेली मुले निवडक संघांत प्रमाणाबाहेर आढळतात, ही गोष्ट अनेक देशांत दिसून आली आहे. उरलेली मुले वाईट खेळत नव्हती. ती फक्त काही महिन्यांनी लहान होती.

१३/ मिखेल्स यांनी १९८८ मध्ये नेदरलँड्सला युरोपियन अजिंक्यपद मिळवून दिले. त्या संघातले विम कूव्हरमान्स पुढे २०१२ ते २०१४ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. २०१२ चा नेहरू चषक भारताने त्यांच्याच हाताखाली जिंकला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी छोट्या सामन्यांची ‘गोल्डन बेबी लीग’ भारतात २०१८ मध्ये सुरू झाली.

१४/ इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडने २००२-०३ च्या सुमारास नऊ वर्षांखालील मुलांना चार विरुद्ध चार खेळवून पाहिले. आठ विरुद्ध आठच्या तुलनेत पास १३५ टक्क्यांनी, तर गोल करण्याचे प्रयत्न २६० टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात आढळले. तरीही देशभरचे नियम बदलण्यास २०१२ साल उजाडले. मग पाच, सात, नऊ आणि अखेरीस अकरा भिडू, अशी चढण ठरली. गोलही लहान झाले. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंद केला. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयासाठी तसेच मार्गदर्शन दिले.

१५/ विरोधही झाला, आणि तो केवळ अडाणीपणाचा नव्हता. जर्मनीने छोट्या गोलांचे, छोट्या संघांचे स्वरूप २०२४-२५ पासून सक्तीचे केले. त्याआधी बोरुसिया डॉर्टमुंडचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी त्यावर जाहीर टीका केली होती. हारजीत सोसल्याशिवाय स्पर्धक घडत नाही, असा या बाजूचा आक्षेप. पण चौघांच्या सामन्यात गोल जास्त होतात, म्हणजे हारणे-जिंकणेही वारंवार घडते. नाहीसा होतो तो मोठ्यांच्या डोळ्यांसमोरचा गुणतक्ता. नॉर्वेने तर २००७ मध्ये मुलांचे क्रीडाहक्क लिहून काढले. तेथे अकराव्या वर्षाआधी असा तक्ता नसतो.

१६/ मिखेल्स २००५ मध्ये वारले. खुद्द नेदरलँड्समध्ये त्यांचा विचार सरावात रुजला होता, पण अधिकृत सामने त्यानंतरही बरीच वर्षे मोठ्या संघांचेच राहिले. २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने ते बदलले: सर्वांत लहानांसाठी दोन विरुद्ध दोन, मग चार, सहा, आठ. चेंडू बाहेर गेला की हाताने फेकायचा नाही. पायाने आत आणायचा, कारण चेंडू पायात असणे हाच त्या वयाचा सराव. अकरा जणांचा पूर्ण मैदानावरचा खेळ तेथे आता तेरा वर्षांखालील गटात सुरू होतो.