प्रतिमा गेल्या, नांवें राहिलीं

पुण्याहून चाकणचे कारखाने मागें टाकून नारायणगांवीं पोंचलें, कीं जुन्नरची वाट फुटते. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोंकण व देश यांना जोडणाऱ्या या घाटांत सातवाहनांनीं सुमारें २,००० वर्षांपूर्वीं एक लेणें खोदविलें. त्याच्या मागील भिंतीवर राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या भंगल्या, पण त्यांच्या माथ्यावरील ब्राह्मी अक्षरें उरलीं.

राजा सिमुक सातवाहन, कुमार भाय, महारठी त्रणकयिर हीं नांवें प्रथमेंत आहेत. देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी यांचीं मात्र षष्ठींत, एकाच लेखांत, आणि राणीचें आधीं. तें दोघांचें जोडशिल्प असावें, असें अनुमान या विभक्तीवरून निघतें.

मध्य अमेरिकेंत याच्या उलट घडलें. ग्वाटेमालांतील पिएद्रास नेग्रास येथील माया शिलास्तंभांवर प्रतिमा होत्या, पण लेख उलगडत नव्हते. म्हणून त्या देवांच्या वा पुरोहितांच्या मानल्या जात. १९६० सालीं तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनीं लेखांतील तारखांची संगति लावून त्या राजांच्या असल्याचें दाखविलें.

मूर्ति कोणाची, हें अखेर अक्षरें व अंकच सांगतात. अशा भिंतीवर हौसेनें आपलें नांव खरडणारा प्रवासी नेमका तोच पुरावा पुसत असतो.