गिधाडांचा बग शोधणारा डॉक्टर

मागच्या शनिवारी कर्जतला घरी गेलो होतो. ओटीवर चहा पिताना आजोबा म्हणाले, "पूर्वी बैल मेला की गावाबाहेर नेऊन टाकायचो. बघता बघता गिधाडं फडशा पाडायची, नुसती हाडं उरायची."

मी अठ्ठावीस वर्षांचा. कर्जत-खालापूरचे बरेच डोंगर पालथे घातले, पण गिधाड एकदाही दिसलं नाही. गेली कुठे ही मंडळी?

१९९०च्या दशकात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी गिधाडं झपाट्याने कमी होताना नोंदवली. बऱ्याच जणांना संशय आला रोगाच्या साथीचा. पण खरं कारण सापडलं लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याला.

ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली. मूत्रपिंडं निकामी, आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर. जंतू, जड धातू, कीटकनाशकं... एकेक शक्यता बाद. आम्ही बग शोधतो अगदी तसंच! मग साधा प्रश्न: गिधाडं खातात काय? गुरं. आणि गुरांना दुखण्यावर देतात काय? डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडं निकामी झालेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते निघालं, इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. दर ७६० मढ्यांत एक जरी विषारी असलं, तरी एवढी घट होऊ शकते, असाही हिशोब त्याच वर्षी निघाला.

२००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय होताच. पण माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलीची केली. २०२३ मध्ये गुरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झालं. ओक्स मात्र २०११ मध्येच गेले. आपल्या रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला प्रेमसागर मेस्त्रींच्या 'सिस्केप'ने गिधाडं जपायचं काम केलं.

हे सगळं आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या ढवळ्यालाही सुई दिलेली. उठून उभा राहिला होता रे... म्हणजे आपणच मारली म्हण की."

काय बोलणार? दुष्टपणा कुणाचाच नव्हता, उलट मायाच होती. एवढंच म्हटलं, "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आजोबा. आता माहीत आहे."

तुमच्याही गावी गोठा असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा. बस्स, एवढंच.