ला बेनेवोलेन्सिया

बॉस्निया व हर्झगोव्हिनाची राजधानी सारायेव्हो येथील ज्यू समाजाची सांस्कृतिक, शैक्षणिक व मानवतावादी संस्था. स्पेनमधून १४९२ मध्ये हद्दपार झालेल्या ज्यूंचे वंशज, म्हणजे सेफार्दी ज्यू, सोळाव्या शतकापासून या शहरात राहत असून त्यांनी १८९२ मध्ये गरजूंना आणि विद्यार्थ्यांना साहाय्य करण्यासाठी ही संस्था स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात शहरातील बहुसंख्य ज्यूंची हत्या झाली व संस्थेचे कार्य खंडित झाले. ते १९९१ च्या सुमारास पुन्हा सुरू झाले.

एप्रिल १९९२ मध्ये सारायेव्होला बॉस्नियन सर्ब सैन्याने घातलेला वेढा फेब्रुवारी १९९६ पर्यंत टिकला. युद्धाची चाहूल लागताच ज्यू समाजाने अन्नधान्य व औषधे साठवून ठेवली होती. ज्यू हे सर्ब, क्रोएट व बॉस्नियन मुस्लिम यांच्यातील संघर्षात कोणाचेच प्रतिपक्षी नसल्याने संस्थेला सर्व बाजूंशी बोलणी करता आली. याकोब फिंची यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने मोफत औषधालये, अन्नछत्र आणि बाहेरील जगाशी संपर्क ठेवणारी बिनतारी संदेशयंत्रणा चालविली, तर अमेरिकन ज्यू जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी या साहाय्यसंस्थेच्या मदतीने वाहनांच्या ताफ्यांतून ज्यूंबरोबरच अन्यधर्मीयांनाही सुरक्षित स्थळी हलविले. स्वयंसेवकांतही सर्व समाजांचे लोक होते. धर्म वा वंश न पाहता केवळ गरज पाहून मदत देणे हे या कार्याचे मर्म होय. नरसंहारातून वाचलेल्या एका अल्पसंख्य समाजाने संपूर्ण शहराला दिलेला हा आधार मानवतावादी साहाय्याच्या इतिहासात मोलाचा ठरतो.