वासावरून जीवनाचा माग

पहिल्या पावसात जालना एमआयडीसीतल्या पोलाद भट्ट्यांच्या धुरातही मातीचा वास दरवळतो. तो जिओस्मिनचा, मातीतले जिवाणू ते बनवतात. म्हणजे हवेत उडणारी रसायने जीवनाची खूण ठरतात काय?

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक (१९१९-२०२२) यांनी १९५७ साली हवेतील अत्यल्प रसायने टिपणारे उपकरण बनवले. १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ जहाजावरून अंटार्क्टिकाला जाताना त्यांना समुद्राच्या पाण्यात डायमिथाइल सल्फाइड आढळले आणि हवेत क्लोरोफ्लुरोकार्बन. पहिले सागरी शैवालांमुळे बनते, दुसरे माणसाच्या कारखान्यांत.

मात्र डायमिथाइल सल्फाइड निर्जीव धूमकेतूवरही असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. म्हणून आम्हांला वाटते, खूण सापडली की विद्यार्थ्यांना आधी विचारावे : हे जीवनाशिवाय बनू शकेल का?