पोटातला खडा: औषध की पुरावा?

मंडळी, आतड्यात अडकलेला खडा आज सर्जनच्या टेबलावर दिसतो. चारशे वर्षांपूर्वी असाच खडा राजेलोकांच्या खजिन्यात असायचा बरं का! अर्थात, तो जनावराच्या पोटातला.

फारसीत त्याला ‘पादजहर’ म्हणत, म्हणजे विषावरचा उतारा. त्यावरूनच युरोपात ‘बेझोआर’ हा शब्द गेला. सोळाव्या शतकात आपला बीडचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याने लिहिलं, की बोकडाच्या पोटात बारीक काडीभोवती थरावर थर चढून हा खडा होतो. घडण त्याने बरोबर सांगितली. विष उतरवण्याचा गुण मात्र त्यानेही मानलाच.

मागणी वाढली की नक्कल येतेच. सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांनी कृत्रिम खडे वळून विकले. श्रीमंत ते सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवत.

याची परीक्षा कुणी केली की नाही? केली. फ्रान्समध्ये आंब्रुवाज पारे याने फाशीच्या एका कैद्याला विष आणि त्यावर हा खडा दिला. तो बिचारा तडफडून मेला. खड्यावरचा विश्वास तरीही पुढे कितीतरी वर्षं टिकला.

खरं वळण आलं १८०० च्या सुमारास. पॅरिसच्या फुर्क्रुआ आणि व्होकलँ यांनी जनावरांच्या पोटातल्या खड्यांचं रासायनिक पृथक्करण केलं. घोड्याच्या आतड्यातल्या खड्यांत मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट निघालं. ‘खडा काय बरं करतो?’ हा प्रश्न मागे पडला. ‘तो कशाचा, आणि झालाच का?’ हा पुढे आला.

आज माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न जीव वाचवतो. लहान आतड्याच्या वरच्या भागात बहुधा पित्ताम्लांचे खडे होतात, खालच्या भागात कॅल्शियमचे. केसांचा गोळा निघाला तर केस खाण्याच्या सवयीवर उपचार हवेत. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाने नळी आकसते, वरच्या बाजूला अन्नरस तुंबतो आणि तिथे खडा धरतो. आतडं बंद पडलं की पोट फुगतं, उलट्या होतात. शस्त्रक्रियेने खडा काढतात. पण आकसलेली जागा आणि क्षय तसाच ठेवला, तर खडा पुन्हा होणार.

म्हणून काढलेला खडा फेकू नये, तपासायला पाठवावा. औषध म्हणून तो खोटा ठरला; साक्षीदार म्हणून खरा आहे.