उमेदवारांची तालीम

मोटारींची शर्यत म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा जिंकणारा चालक उभा राहतो. त्याच्या गळ्यांतील हार आपण पाहतों, त्याच्या मोटारीचा वेग ऐकून तोंडांत बोट घालतों. परंतु तो कोणाच्या हाताखालीं तयार झाला, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आपल्याकडील कुस्तीच्या फडांत असें होत नाहीं. नव्या मल्लानें नांवाजलेल्या गड्यास चीत केलें, कीं लोकांचा पहिला प्रश्न असतो, "हा कोणत्या तालमीचा?" अमेरिकेंतील मोटारींच्या शर्यतींतहि अशा तालमी आहेत, आणि त्यांतील एकीची हकीकत आम्ही आज सांगणार आहों. सॅम श्मिट यांच्या पथकानें २००४ ते २०१३ या दहा हंगामांत उमेदवार चालकांच्या मालिकेचें विजेतेपद ७ वेळां मिळविलें. परंतु केवळ त्या पराक्रमासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. ज्या वस्तादाच्या तालमींत हे विजेते घडले, त्याला स्वतःचे हातपाय हलवितां येत नव्हते. आणि हें अपंगत्व त्याला मोटार-शर्यतीच्या नादांतच आलें होतें. ज्या आगीनें आपलें घर जाळलें, तिच्यापुढें दुसऱ्यांच्या मुलांस नेऊन बसविणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न या हकीकतीच्या पोटांत आहे, व तो टाळून ती सांगतां येण्यासारखी नाहीं.

प्रथम या शर्यतींचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दोन महायुद्धांचे खंड सोडल्यास १९११ पासून इंडियानापोलिस येथें दरवर्षीं ५०० मैलांची शर्यत होत आलेली आहे. तींतील मोटारींस एकच बैठक असते, आणि त्यांचीं चाकें अंगाबाहेर उघडीं असतात. वेगांत असतां दोन मोटारींचीं उघडीं चाकें एकमेकांस भिडलीं, तर मागची मोटार पुढच्या मोटारीच्या चाकावर चढून हवेंत फेंकली जाण्याचें भय असतें. म्हणून अशा मोटारींत कोणी एकदम बसत नाहीं. लहान मोटारींपासून एकेक पायरी चढत वर यावें लागतें. या जिन्यांतील शेवटच्या खालची पायरी म्हणजे २००२ सालीं 'इन्फिनिटी प्रो सीरिज' या नांवानें सुरू झालेली मालिका. २००८ पासून तिला 'इंडी लाइट्स' हें नांव मिळालें, व २०२३ पासून ती 'इंडी नेक्स्ट' म्हणून ओळखली जाते.

या मालिकेचा एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सर्व पथकांनीं एकाच कारखान्याचा, म्हणजे इटलींतील दल्लारा यांचा, सांगाडा व एकाच बनावटीचें एंजिन वापरावयाचें असतें. अर्थात् पैशाच्या बळावर अधिक जोराचें एंजिन विकत घेण्याची सोय येथें नाहीं. मग एक पथक पुढें व दुसरें मागें कां राहतें? याचें उत्तर हत्यारांत नसून तीं परजण्यांत आहे. स्प्रिंगांचा ताठपणा, हवेचा दाब मोटारीस जमिनीशीं धरून ठेवतो त्या पंखांचा तिरकसपणा, टायरांतील हवा, अशा पांचपन्नास बारीक गोष्टी प्रत्येक मार्गासाठीं नव्यानें जुळवाव्या लागतात. त्या जुळविण्यासाठीं मोटार वळणावर कशी वागली हें चालकानें सांगावयाचें, व त्याच्या बोलण्याचा अर्थ एंजिनियरानें लावावयाचा. आपल्या मोटारीचें बोलणें ऐकावें कसें व तें दुसऱ्यास सांगावें कसें, हाच या शाळेंतील मुख्य धडा होय. आणि हा धडा ज्याला नीट आला, तो वरच्या वर्गांत जावयाचा, हें ठरलेलें. त्यामुळें उमेदवारांच्या पथकाचें नशीब मोठें चमत्कारिक असतें. विद्यार्थी जितका चांगला, तितका तो लौकर सोडून जातो; आणि पुढच्या हंगामांत पथकास पुन्हां श्रीगणेशा गिरवावा लागतो.

सॅम श्मिट यांचा जन्म १९६४ सालचा, नेब्रास्का राज्यांतील. रस्ता सोडून रानोमाळ धावणाऱ्या मोटारींच्या शर्यतींत त्यांचे वडील भाग घेत. सॅम लहान असतांनाच अशा एका शर्यतींत वडिलांस जबर अपघात होऊन त्यांचें अंग लुळें पडलें. म्हणजे या खेळाची किंमत काय असते, हें त्यांनीं बाळपणीं घरींच पाहिलें होतें. पुढें व्यापारशिक्षणाची वरची पदवी घेऊन ते धंद्यांत शिरले, व इतर चालक ज्या वयांत मुरलेले असतात त्या तिशींत ते या व्यवसायांत आले. १९९७ ते १९९९ अशीं ३ वर्षें ते इंडियानापोलिसच्या शर्यतींत उतरले, आणि १९९९ च्या सप्टेंबरांत लास वेगास येथें त्यांनीं आपली पहिली मोठी शर्यत जिंकली. तीच शेवटची ठरली. ६ जानेवारी २००० रोजीं फ्लॉरिडांत ऑर्लँडोजवळच्या धावपट्टीवर नव्या हंगामाचा सराव चालू असतां त्यांची मोटार भिंतीवर आदळली. मानेंतील मणक्यास इजा झाली. कांहीं आठवडे श्वासोच्छ्वासहि यंत्राच्या साह्यानें चालला. त्या वेळीं घरीं दोन तान्हीं लेंकरें होतीं, आणि श्मिट यांचें वय होतें ३५.

अशा प्रसंगीं मनुष्यानें शर्यतींकडे पाठ फिरविली असती, तर त्यास कोणीं दोष दिला असता? परंतु श्मिट यांच्यापुढें इंग्लंडमधील फ्रँक विल्यम्स यांचें उदाहरण होतें. १९८६ सालीं फ्रान्समध्यें मोटार उलटून विल्यम्स असेच पंगू झाले, तरी चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं आपलें पथक जगांतील पहिल्या पंक्तीस नेऊन बसविलें होतें. अपघातास दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, म्हणजे २००१ सालीं, श्मिट यांनीं स्वतःचें पथक उभारलें. आरंभ कांहीं शुभ झाला नाहीं. त्याच वर्षीं जूनमध्यें टेक्सासच्या शर्यतींत त्यांचे चालक डेव्ही हॅमिल्टन यांच्या पायांचा चुराडा झाला, व त्यांना पुष्कळ वर्षें शर्यतींपासून दूर राहावें लागलें. या हॅमिल्टन यांचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

यानंतर पथकानें आपला सर्व भर उमेदवारांच्या मालिकेवर दिला, आणि तेथें त्याचें खरें रूप प्रगट झालें. २००४ सालीं ब्राझीलचा थियागो मेदेइरोस हा पथकाचा पहिला विजेता झाला. २००६ सालीं जे हॉवर्ड व २००७ सालीं अॅलेक्स लॉइड या दोघां इंग्रज तरुणांनीं तोच मान मिळविला; लॉइड यानें तर हंगामाच्या पहिल्या ५ शर्यती ओळीनें जिंकल्या. नंतर २०१० सालीं फ्रान्सचा जाँ-कार्ल व्हेर्ने, २०११ सालीं टेनेसी राज्यांतील जोसेफ न्यूगार्डन, २०१२ सालीं पुन्हां फ्रान्सचा त्रिस्ताँ व्होतिए, आणि २०१३ सालीं अवघ्या १८ वर्षांचा सेज कॅरम. देश निराळे, भाषा निराळ्या, स्वभावहि निराळे असणारच; पण मोटारी सर्वांच्या सारख्या असतांना चार वर्षें ओळीनें चार नवे विद्यार्थी पहिले यावे, हें यश कोणा एका चालकाच्या पदरीं घालतां येत नाहीं. तें शाळेचेंच म्हटलें पाहिजे.

परंतु शाळेची परीक्षा खऱ्या अर्थानें विद्यार्थी बाहेर पडल्यावरच होते. न्यूगार्डन यानें २०१७ व २०१९ सालीं वरच्या मालिकेचें विजेतेपद मिळविलें, आणि २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियानापोलिसची मोठी शर्यत जिंकली; तीं सर्व यशें मात्र दुसऱ्या पथकाच्या खात्यावर जमा झालीं. व्होतिए २०१३ सालीं वरच्या मालिकेंतील नवोदितांत पहिला आला. व्हेर्ने युरोपांत परतला, आणि तेथें निराळ्या प्रकारच्या मोटारींवर त्यानें नांव कमावलें. हॉवर्ड यानें पुढें उमेदवारांसाठीं स्वतःचें पथक काढलें; चेला स्वतः वस्ताद झाला. उलट पहिला विजेता मेदेइरोस यास वरच्या वर्गांत इंडियानापोलिसची एकच शर्यत, २००६ सालीं, लाभली. त्याचें कौशल्य कमी होतें असें आम्हांस वाटत नाहीं. या व्यवसायांत गुणाबरोबर द्रव्य लागतें. बैठकीसाठीं आश्रयदाता शोधावा लागतो, आणि तो प्रत्येकास मिळतोच असें नाहीं. शाळेनें विद्या द्यावी. दैव कोठून द्यावें?

२०१२ सालीं पथकाच्या नांवांत श्मिट यांच्या जोडीला 'हॅमिल्टन' हें नांव आलें. ज्यांचे पाय या पथकाच्या मोटारींत मोडले होते, तेच डेव्ही हॅमिल्टन आतां तिचे भागीदार झाले होते. पुढें रिक पीटरसन या कॅनडांतील व्यावसायिकाचेंहि साह्य मिळालें. उमेदवारांच्या शाखेचा शेवट मात्र चुटपुट लावणारा झाला. २०१४ सालीं पथकाचा जॅक हार्वी याचे व प्रतिस्पर्धी गॅबी चाव्हेस याचे गुण सारखे झाले. दोघांच्या पहिल्या क्रमांकांची संख्याहि सारखीच. शेवटीं दुसऱ्या क्रमांकांची मोजदाद करून विजेतेपद चाव्हेस यास मिळालें. २०१६ सालीं सांतियागो उरुतिया हा अवघ्या २ गुणांनीं मागें राहिला. त्या हंगामानंतर पथकानें उमेदवारांच्या मालिकेची रजा घेतली व वरच्या वर्गावरच लक्ष एकवटलें. २०२१ सालीं त्या मोठ्या पथकाचीहि बहुतेक मालकी मॅक्लारेन या प्रसिद्ध इंग्लिश पथकाकडे गेली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. न्यूगार्डन जिंकला त्याच वर्षीं, १६ ऑक्टोबर २०११ रोजीं, लास वेगास येथें वरच्या मालिकेची शर्यत होती. श्मिट यांनीं आपला एकमेव विजय मिळविला ती हीच धावपट्टी. त्या दिवशीं त्यांची मोटार चालवीत होते डॅन व्हेल्डन. त्याच वर्षींची इंडियानापोलिसची शर्यत त्यांनीं दुसऱ्या पथकातर्फें जिंकली होती. ३४ मोटारी धांवत होत्या. अकराव्या फेरींत त्यांतील १५ एकमेकींवर आदळल्या, आणि व्हेल्डन मृत्यु पावले. वय ३३. पुढें १९ ऑगस्ट २०१८ रोजीं पोकोनो येथें पथकाचा नवा चालक, कॅनडाचा रॉबर्ट विकन्स, याची मोटार दुसऱ्या मोटारीस भिडून उंच कुंपणावर फेंकली गेली. त्याच्या पाठीच्या कण्यास इजा होऊन पाय निकामी झाले. चाकांच्या खुर्चींत बसलेल्या मालकास आपला चालक चाकांच्या खुर्चींत बसलेला पाहावा लागला.

कोणी म्हणेल, अशा मनुष्यानें तरुणांस या मार्गास लावूं नये. या आक्षेपांत बळ आहे, आणि शर्यतींत तंत्राची कितीहि सुधारणा झाली तरी तो समूळ नाहींसा होईल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु दुसरी बाजूहि पाहावी. तरुण मनुष्य या मार्गास लागतो तो कोणी पथक काढलें म्हणून नव्हे. तो जाणारच असतो. तेव्हां त्यानें शिकावें कोणापाशीं, धोका हा शब्द केवळ ऐकून असलेल्या गुरूपाशीं, कीं तो अंगावर वागविणाऱ्या गुरूपाशीं? श्मिट यांच्या पथकांत येणाऱ्या मुलास कोणीं व्याख्यान देण्याची गरज नव्हती. मालकाच्या खुर्चीकडे एकदां पाहिलें, कीं या विद्येची फी किती पडूं शकते तें त्यास समजत असे. आणि तें समजूनहि जो चाकापाशीं बसे, तो निदान फसविला गेला असें म्हणतां येत नाहीं.

शिवाय श्मिट यांनीं केवळ चालकच घडविले असें नाहीं. अपघात झाला त्याच वर्षीं, २००० सालीं, त्यांनीं पाठीच्या कण्याच्या इजेवर संशोधन व रुग्णांस साह्य यांसाठीं एक संस्था काढली. २०१४ सालीं एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनें त्यांच्यासाठीं एक मोटार तयार केली. तींतील कॅमेरे डोक्याची हालचाल टिपतात, व त्याप्रमाणें चाकें वळतात. पुढें वेग व ब्रेक हे नळींतून फुंकलेल्या व ओढलेल्या श्वासावर चालूं लागले. अपघातानंतर १४ वर्षांनीं श्मिट यांनीं इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर पुन्हां स्वतः मोटार हांकली, आणि २०१६ सालीं नेव्हाडा राज्यानें त्यांना अशी मोटार रस्त्यावर चालविण्याचा परवाना दिला. विकन्स यानेंहि हातांनींच वेग व ब्रेक आवरण्याची सोय असलेल्या मोटारींत बसून पुन्हां शर्यती सुरू केल्या, आणि २०२३ सालीं दुसऱ्या पथकाकडून आपल्या वर्गाचें विजेतेपद मिळविलें.

यानें जमाखर्च बरोबर झाला काय? व्हेल्डन यांच्या घरच्या माणसांपुढें उभें राहून असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, आणि तें कोणीं करूंहि नये. एवढें मात्र खरें, कीं या पथकाच्या यशाची यादी वाचतांना तिच्यावरील ओळी व मधल्या रिकाम्या जागा या दोन्ही वाचाव्या लागतात. ७ विजेत्यांचीं नांवें लोक विसरतील. जो शिकतो तो पुढें जातो, व शाळा मागें राहते, हा जगाचा नियम आहे. तथापि एखादा चालक भर वेगांत उघड्या चाकांमधील वीतभर अंतर राखून सुखरूप घरीं परतला, म्हणजे त्याचे हात ज्यांनीं घडविले त्यांचेंहि त्यांत कांहीं असतें. येथें तर ते हात घडविणाऱ्याचे स्वतःचे हात खुर्चीच्या दांड्यांवर निश्चल पडलेले होते.